‘शी!’ म्हणायला लावणारे प्रयोग : या चुका टाळा

लाळ, बुरशी, शेंबूड, अळ्या, बोकडाचं हृदय. यांपैकी काहीही टेबलावर आलं की शेवटच्या बाकावरचं मूलही उठून पुढे येतं. म्हणूनच हे प्रयोग मोलाचे आहेत. पण दोन मिनिटांचा व्हिडिओ पाहून सकाळी सामान गोळा करायचं आणि तिसऱ्या तासाला थेट वर्गात उभं राहायचं, ही घाई त्यांचा घात करते. मुलं ‘ईऽऽ’ करतात, हसतात आणि चुकीचा निष्कर्ष घेऊन घरी जातात. तो त्यांनी डोळ्यांनी पाहिलेला असतो, त्यामुळे नंतर पुस्तकाने कितीही सांगितलं तरी तो सहजी जात नाही.

लाळ आणि गरम खळ

सगळ्यात जास्त फसतो तो हाच प्रयोग. पिठूळ पाण्यात आयोडीन टाकलं की निळं-काळं होतं, लाळ मिसळून ठेवलं की निळं होत नाही, कारण लाळेतलं अमायलेज हे पाचक विकर स्टार्चचे तुकडे करतं. वाचायला सोपं आहे.

आता वर्गात काय होतं ते बघा. शिक्षक कॉर्नफ्लोअरची खळ गॅसवरून उतरवतात आणि पाच मिनिटांत दोन परीक्षानळ्यांत ओततात. एका नळीत लाळ, दुसरीत साधं पाणी. मग लगेच आयोडीन. लाळेची नळी निळी होत नाही आणि टाळ्या पडतात. पण कोपऱ्यातली एक मुलगी म्हणते, “बाई, पाण्याची नळीपण निळी नाही झाली.” तिला ‘थांब जरा’ म्हणून गप्प केलं जातं. दहा मिनिटांनी दोन्ही नळ्या गडद निळ्या दिसतात आणि वर्गाला काहीच कळत नाही.

इथे दोन चुका एकमेकींवर बसल्या आहेत. स्टार्च आणि आयोडीन यांचा निळा रंग उष्णतेने उडतो आणि थंड झाल्यावर परत येतो, त्याचा लाळेशी काही संबंध नाही. शिवाय इतक्या गरम खळीत अमायलेज निकामी होतं, म्हणजे पचन झालेलंच नसतं. त्या मुलीचा प्रश्न हाच त्या तासाचा खरा प्रयोग होता.

नीट करायचं तर असं करा. एक चहाचा चमचा कॉर्नफ्लोअर आधी थोड्या गार पाण्यात कालवा, मग उकळत्या पाण्यात घालून एकूण 250 मिली करा आणि दोन मिनिटं ढवळत शिजवा. हे साधारण 1 टक्क्याचं द्रावण होतं. खळ याहून घट्ट केली तर तास संपेपर्यंत रंग बदलत नाही. भांडं हाताच्या पालथ्या बाजूला गरम लागायचं बंद होईपर्यंत थांबा. मेडिकलमधलं टिंक्चर आयोडीन पाव कप पाण्यात 20 थेंब घाला. रंग कोऱ्या चहासारखा फिका हवा. गडद आयोडीनमध्ये सगळंच काळं दिसतं.

लाळ देणाऱ्या मुलाने आधी पाण्याने चूळ भरावी. नुकतंच लिंबू सरबत प्यायलेलं मूल या कामाला घेऊ नका, ‘क’ जीवनसत्त्व आयोडीनचा रंग घालवतं. 10 मिली खळीत 1 मिली लाळ घाला आणि नळी कोमट पाण्याच्या वाटीत उभी करा. डिसेंबरातल्या सकाळी वर्ग गार असतो आणि अमायलेजचं काम 37 अंशांच्या आसपास उत्तम चालतं. आयोडीन मात्र नळीत ओतू नका. पांढऱ्या बशीत त्याचे थेंब ओळीने ठेवा आणि दर मिनिटाला मिश्रणाचा एक थेंब पुढच्या ठिपक्यावर टाका. निळा, मग जांभळा, मग तांबूस, मग नुसता आयोडीनचा पिवळा अशी रांग बशीत उमटते. ती रांग म्हणजे पचनाचा वेग, आणि एकदम ‘झालं!’ दाखवण्यापेक्षा ती कितीतरी जास्त शिकवते. शेजारी उकळून गार केलेल्या लाळेची एक नळी ठेवा. प्रत्येकाने फक्त स्वतःचीच लाळ हाताळायची, ही अट कुणासाठीही सैल करू नका.

पाव, हात आणि बुरशी

स्वच्छ हात लावलेला पाव, मळका हात लावलेला पाव आणि हात न लावलेला पाव तीन पिशव्यांत घालून भिंतीवर टांगायचे. हा प्रयोग शाळाशाळांतून होतो आणि खूपदा उलटा येतो. साबणाने धुतलेला हात लावलेल्या पावावरच बुरशी आधी येते आणि मुलं ठरवतात की हात धुण्यात काही अर्थ नाही. कारण साधं आहे. हात धुतले पण पुसले नाहीत, त्यामुळे त्या स्लाइसला पाणी जास्त मिळालं. बुरशीला मळापेक्षा ओलाव्याची गरज जास्त असते.

म्हणून हात धुऊन पूर्ण कोरडे करा आणि मग प्रत्येक स्लाइसवर ड्रॉपरने मोजून पाच थेंब पाणी टाका. स्लाइस चिमट्यानेच उचला. एका हातासाठी एक स्लाइस घेऊन काहीच सिद्ध होत नाही, निदान पाच-पाच घ्या. बुरशीचे बीजाणू हवेतूनही बसतात, त्यामुळे एखादी स्लाइस चकवतेच. पाकिटावर 282 हा आकडा असेल तर त्या पावात कॅल्शियम प्रोपिओनेट आहे, म्हणजे बुरशी रोखणारा पदार्थ. आठवडाभर काहीच उगवलं नाही म्हणून वैतागणाऱ्यांनी आधी पाकीट वाचावं. गल्लीतल्या बेकरीतला लादीपाव बरा. पावसाळ्यात तो तीन-चार दिवसांत रंग दाखवतो, एप्रिलच्या कोरड्या हवेत नुसता कडक होतो.

पिशवी एकदा बंद केली की ती पुन्हा उघडायची नाही. वास घ्यायला नाही, भिंगाखाली बघायलासुद्धा नाही. दम्याच्या मुलाला ते बीजाणू खरोखर त्रास देतात. भिंग पिशवीच्या बाहेरून धरा. काळी टोकं असलेले धागे, म्हणजे ऱ्हायझोपस नावाची बुरशी, तेवढ्यानेही छान दिसतात. शेवटी ती पिशवी दुसऱ्या पिशवीत बांधून कचऱ्यात टाका. आणि बुरशी म्हणजे जंतू, असं सरसकट सांगू नका. या प्रयोगातून हातावरच्या रोगजंतूंबद्दल काहीही कळत नाही. ते कळावं म्हणून घरीच चायना ग्रासच्या बशीत जंतू वाढवायला घेणाऱ्यांना एकच सांगणं आहे : करू नका. काय वाढवलंय ते ओळखता येत नसेल तर ते वाढवायचंच नाही.

स्लाइम

दुकानात ‘बोरॅक्स’ मागितलं की पुष्कळदा कॅरमची पावडर हातात येते. ती बोरिक पावडर असते आणि तिच्याने फेविकॉल नीट बांधला जात नाही. हवा तो टाकणखार. एक कप कोमट पाण्यात अर्धा चमचा टाकणखार पूर्ण विरघळवा. दुसऱ्या वाटीत दोन मोठे चमचे फेविकॉल आणि तेवढंच पाणी घ्या. मग पहिलं द्रावण एकेक चहाचा चमचा घालत ढवळा. एकदम ओतलं तर रबरासारखा गोळा होतो आणि पाणी वेगळं पडतं. कागदाला लावायच्या पारदर्शक डिंकाने हे होईलच असं नाही, प्रत्येक डिंकात लागणारे रेणू नसतात. लहान मुलांच्या हाती कोरडा टाकणखार देऊ नका, हाताला जखम असेल तर खेळू देऊ नका, नंतर हात धुवायला लावा. आणि नुसता स्लाइम करून तास संपवायचा असेल तर त्याला विज्ञानाचा तास म्हणू नये. टाकणखाराचे चमचे बदलून तीन स्लाइम करा आणि कोणता किती लांब ताणतो ते पट्टीने मोजा.

शाकाहारी नकली शेंबूड करायला चायना ग्रास घेऊ नका, तो तुटतो, त्याला तार येत नाही. दोन चमचे अळशी दीड कप पाण्यात दहा मिनिटं उकळा आणि गरम असतानाच गाळा. तार बघून मुलं नाकं मुरडतील.

केळ्यातला डीएनए वेगळा काढायचा तर स्पिरिट फ्रीजमध्ये गार केलेलं हवं, आणि ते ओतायचं नाही, ग्लासच्या कडेने सोडायचं. वर दिसणारा साबणाचा फेस म्हणजे डीएनए नव्हे.

व्हिनेगरमधल्या अंड्याच्या बरणीचं झाकण घट्ट लावू नका, आत कार्बन डायऑक्साइड तयार होत असतो.

अळ्यांचा प्रयोग

फ्रांचेस्को रेदी या इटालियन वैद्याने 1668 मध्ये दाखवलं की मांसात अळ्या आपोआप होत नाहीत. आपल्याकडे हा प्रयोग करताना एक बरणी उघडी ठेवतात आणि दुसऱ्या बरणीला घट्ट झाकण लावतात. मग एखादं मूल विचारतं, “आत हवा नव्हती म्हणून अळ्या झाल्या नसतील ना?” प्रश्न अगदी रास्त आहे. रेदीनेही हीच शंका येणार हे ओळखून जाळीदार कापडाने झाकलेली बरणी ठेवली होती. तुम्ही मलमल बांधा. हवा आत जाते, माशी बाहेर राहते. मासळीचा छोटा तुकडा पुरे होतो. बरण्या पाणी घातलेल्या ताटात ठेवा, नाहीतर मुंग्या अळ्या घेऊन जातील आणि सगळ्या बरण्या सारख्याच दिसतील.

बोकडाचं हृदय

मटणवाल्याकडे ‘काळीज’ मागाल तर यकृत मिळेल. कवितेतलं काळीज वेगळं, दुकानातली कलेजी वेगळी. हृदयाला तिथे ‘दिल’ म्हणतात. आदल्या दिवशीच सांगून ठेवा, कारण सवयीने तो वरच्या नळ्या छाटतो आणि मधून चीर देतो, मग दाखवण्यासारखं फार थोडं उरतं. नळ्या दोन-तीन सेंटिमीटर ठेवायला सांगा. फुप्फुसं हवी असतील तर श्वासनळीसकट आणि सुरी न लागलेली घ्या. ती मोठ्या पारदर्शक पिशवीत ठेवून सायकलच्या पंपाने फुगवा, तोंडाने कधीही नाही.

पालकांना आठवडाभर आधी चिठ्ठी पाठवा. ज्या घरात मांस शिजत नाही तिथलं मूल मागे उभं राहिलं तर त्याला भित्रं म्हणू नका. त्याला आकृती काढायला द्या.

वर्गात सगळ्यांना आधी सुरी हवी असते. ती शेवटी द्या. पहिल्यांदा हृदय नळाखाली धरून आतल्या रक्ताच्या गुठळ्या काढा. मग मुलांना दोन्ही बाजू अंगठ्याने दाबायला सांगा. टणक लागते ती डावी जवनिका, म्हणजे हृदयाचा डावीकडचा खालचा कप्पा, तिला रक्त सगळ्या अंगभर ढकलायचं असतं. त्यानंतर महाधमनीच्या तोंडातून हळूहळू पाणी ओता. ते खाली उतरत नाही, नळीतच साचून राहतं. वरून बघितलं तर तळाशी झडपेच्या तीन पाकळ्या एकमेकींना टेकून बसलेल्या दिसतात.