ज्युनिअरनं टाईप करावं का डिक्टेशन द्यावं?

वकिलीची नवीन सनद घेतलेली पोरं कोर्टात भेटली की विचारतात, सर टायपिंगचा क्लास लावू का, आता तर मोबाईलवर बोललं की मराठी उमटायलंय. माझं सरळ म्हणणंय, पहिली दोन-तीन वर्षं दावा स्वतःच्या हातानं टाईप करा. सीनिअर स्टेनोला घडाघडा सांगतात ते बघून सोपं वाटतं, पण त्यांची फाईल वाचून झालेली असते, तारखांचा कागद समोर असतो, आणि कुठला पॅरा कुठं संपवायचा हे डोक्यात पक्कं असतं.

आमच्या लातूरकडं वाटणीचे, मनाईचे दावे भरपूर, आणि त्यात सगळा जीव मिळकतीच्या वर्णनात. गट नंबर, क्षेत्र, आकार म्हणजे शेतसारा, चतुःसीमा. सातबारा शेजारी ठेवून 0 हेक्टर 81 आर असं एकेक आकडा मारताना नजर तिथं थांबते, फेरफारात क्षेत्र वेगळंच दिसतंय हे तवाच ध्यानात येतं, बोलून लिहिलं की 81 चं 80 कधी झालं कळत नाही आणि मग डिक्री म्हणजे हुकूमनामा झाल्यावर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 152 खाली दुरुस्तीचा अर्ज घेऊन पळावं लागतं, पक्षकार बिचारा तोवर तलाठ्याकडं हेलपाटे घालतो. आपल्याकडचे जुने शब्द तर मोबाईलला झेपतच नाहीत, खासरा पाहणी, म्हणजे जमिनीची जुनी नोंद, म्हणलं की खास राहणी येतंय.

चेक बाउन्सच्या नोटिशीला डिक्टेशन कशाला? चेक परत आल्याचा बँकेचा मेमो आल्यापासून 30 दिवसांत नोटीस, ती मिळाल्यावर समोरच्याला पैसे द्यायला 15 दिवस, ते संपले की मग महिन्याच्या आत केस. फॉरमॅट ठेवा, तारखा नीट बघून बदला. टायपिंग मात्र युनिकोडवर, इनस्क्रिप्ट कीबोर्डनं शिका, कृतिदेवमधली फाईल दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर फॉन्ट नसला की नुसता कचरा दिसतो.

बोलून लिहायचा खरा फायदा पक्षकार उठून गेल्यावर. त्यानं सांगितलेली हकीकत ताजी असताना मोबाईलला सांगून टाका, कच्ची का असेना, नंतर टाईप करताना पॅरे पाडा. पण हे बार रूममध्ये किंवा चहाच्या टपरीवर नको, पक्षकाराचं गुपित राखायची जबाबदारी भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 132 नं आपल्यावर टाकलीय आणि भावकीतली माणसं शेजारच्याच बाकावर बसलेली असतात.

डिक्टेशन ऐकायला मात्र पहिल्या दिवसापासून शिका. उलटतपासात साक्षीदार बोलतो एक, न्यायाधीश साहेब त्याचं वाक्य करून टायपिस्टला सांगतात आणि रेकॉर्डवर तेच जातं. "मला आठवत नाही" चं "हे खरं नाही" झालं तर तिथल्या तिथं उठून, अदबीनं, साहेबांना सांगायचं. साक्षीदाराची सही झाल्यावर बोलून काय उपयोग नसतो.