अबोल चित्रपट मंडळात कसा दाखवावा : ‘रॅम्स’च्या निमित्ताने

इंदूरच्या मराठी मंडळांना नाटकाचा प्रेक्षक नवा नाही. संवादाला दाद कुठे द्यायची, हे इथे तीन-तीन पिढ्यांना ठाऊक आहे. याच प्रेक्षकासमोर जवळजवळ न बोलणाऱ्या दोन म्हाताऱ्या भावांचा चित्रपट ठेवायचा असेल, तर तयारी थोडी वेगळी करावी लागते. हे टिपण अशा कार्यक्रमाची जबाबदारी अंगावर घेतलेल्या कार्यकर्त्यांसाठी आहे. उदाहरण म्हणून ग्रिमुर हाकोनार्सन यांचा २०१५ चा आइसलँडिक चित्रपट घेतला आहे. त्याचे मूळ नाव ‘ह्रूतार’, म्हणजे एडके. इंग्रजीत तो ‘रॅम्स’ या नावाने ओळखला जातो. त्याच वर्षी कान महोत्सवाच्या ‘अँ सेर्तँ रगार’ विभागातील सर्वोच्च पारितोषिक त्याला मिळाले. उत्तर आइसलँडमधील एका दरीत गुम्मी आणि किद्दी हे सख्खे भाऊ शेजारी-शेजारी राहतात, दोघेही मेंढ्या पाळतात आणि चाळीस वर्षे एकमेकांशी बोललेले नाहीत. चित्रपट जेमतेम दीड तासाचा आहे, त्यामुळे मध्यंतर ठेवू नये.

प्रत मिळवताना एक घोळ टाळावा. ‘रॅम्स’ याच नावाचा ऑस्ट्रेलियन चित्रपट २०२० साली आला असून तो याच कथेवर बेतलेला आहे. त्यात सॅम नील आणि मायकेल कॅटन आहेत. हवा असलेला चित्रपट आइसलँडिक आहे, हे प्रत मागवतानाच स्पष्ट लिहावे. दुसरी गोष्ट परवानगीची. घरच्या वर्गणीवर पाहता येणारा चित्रपट सभागृहात लावण्याचा हक्क त्या वर्गणीतून मिळत नाही. जाहीर प्रदर्शनासाठी हक्कधारकाची किंवा वितरकाची लेखी संमती लागते. मंडळाला असे कार्यक्रम नियमित करायचे असतील, तर १९५९ साली स्थापन झालेल्या फेडरेशन ऑफ फिल्म सोसायटीज ऑफ इंडियाशी संलग्न होण्याचा विचार जरूर करावा. दर वेळी नव्याने पत्रव्यवहार करण्यापेक्षा ते सोयीचे पडते.

तारीख शक्यतो डिसेंबर-जानेवारीतली घ्यावी, आणि ती केवळ चित्रपटातील बर्फाला साजेशी म्हणून नव्हे. या चित्रपटात वारा, गोठ्यातली कुजबुज, गवतावरची पावले आणि दाराची कडी हाच निम्मा संवाद आहे, आणि छताचे पंखे तो संपूर्ण गिळून टाकतात. थंडीत पंखे बंद ठेवता येतात. मात्र हेच दिवस लग्नसराईचेही असल्याने आसपासच्या लग्नाच्या गार्डनमध्ये त्या संध्याकाळी वरात आहे का, याची चौकशी आधी करावी. डीजेपुढे आइसलँडच्या वाऱ्याचे काही चालत नाही. अनंत चतुर्दशीच्या आसपासचे दिवस तर सोडूनच द्यावेत, कारण गिरण्यांच्या झाँकी, म्हणजे फिरते देखावे, निघतात त्या रात्री अर्धे शहर रस्त्यावर असते. खाण्याच्या बाबतीतही ठाम राहावे लागते. शेवेशिवाय कार्यक्रम झाला, असे इंदुरात कोणी मानत नाही हे खरे, पण शेवेची पुडी फोडल्याचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत जातो. म्हणून पोहे, शेव, चहा सगळे चर्चेच्या वेळी द्यावे. ते बाहेरच्या टेबलावर आधीपासून मांडून ठेवले तर चर्चेला थांबणाऱ्यांची संख्याही वाढते.

प्रोजेक्टरची चाचणी आदल्या दिवशीच घ्यावी, आणि ती दोन ठिकाणी चित्रपट थांबवून घ्यावी : एकदा उघड्या बर्फाच्या दृश्यावर आणि एकदा घराच्या तळघरातील अंधाऱ्या दृश्यावर. छायालेखक स्तुर्ला ब्रांट ग्रोव्हलेन यांनी या दोन टोकांमध्ये मोठे अंतर ठेवले आहे. बर्फ डोळ्यांना सुखावेल इतका उजेड कमी केला की तळघरात काय चालले आहे ते दिसेनासे होते. तडजोड तळघराच्या बाजूने करावी. खिडक्यांना जाड पडदे नसतील तर प्रयोग सूर्यास्तानंतरच ठेवावा. त्यानंतर शेवटच्या रांगेतल्या खुर्चीत स्वतः बसावे आणि पुढच्या खुर्च्यांवर चार उंच माणसे बसवून पाहावे. सपाट सभागृहात उपशीर्षके नेमकी डोक्यांच्या मागे जातात आणि प्रेक्षक ‘चित्रपट कळला नाही’ म्हणत घरी जातो, तेव्हा त्याला दिसलेच नव्हते हे कोणाच्या लक्षातही येत नाही. पडदा हातभर वर घेतला की काम होते. संवाद इतके थोडे आहेत की इंग्रजी आणि मराठी दोन्ही चांगले असणाऱ्या एखाद्या सदस्याने मनावर घेतले, तर हक्कधारकाच्या संमतीने मराठी उपशीर्षकेही तयार होऊ शकतात. ती बोलीत करावीत, पुस्तकी नकोत, आणि एका वेळी दोन ओळींपेक्षा जास्त कधीही नकोत.

आता प्रास्ताविक. बहुतेक कार्यक्रम इथेच बिघडतात. निवेदक कथा सांगतो, भावांच्या दुराव्यावर चार हळवी वाक्ये बोलतो आणि ज्याची प्रेक्षकाला खरोखर गरज होती ती माहिती राहून जाते. भाऊबंदकी काय असते, हे आपल्याकडे कोणाला शिकवावे लागत नाही. मेंढ्यांच्या बाबतीत मात्र शहरातला माणूस कोरा असतो. म्हणून सात-आठ मिनिटांचे प्रास्ताविक पूर्णपणे मेंढ्यांना द्यावे. उन्हाळ्यात कोकरे धरली तर आइसलँडमध्ये माणसांपेक्षा मेंढ्या जास्त असतात. उन्हाळाभर त्या डोंगरात मोकळ्या चरतात, सप्टेंबरच्या सुमारास सारे गाव मिळून त्यांना खाली आणते, आणि पुढचे कित्येक महिने त्या गोठ्यात, साठवलेल्या वाळल्या गवतावर राहतात. म्हणजे हिवाळाभर माणूस आणि जनावर एकमेकांच्या सोबतीनेच जगतात. एकट्या माणसाच्या बाबतीत तर ती सोबत तेवढीच असते. चित्रपटाच्या सुरुवातीला एडक्यांची स्पर्धा आहे. परीक्षक पाठीवरून हात फिरवून, मांस चाचपून गुण देतात, आणि अर्ध्या गुणाने एका भावाचा एडका दुसऱ्याच्या एडक्यावर मात करतो. दोघांचे कळप एकाच जुन्या वाणाचे आहेत, हे प्रेक्षकाला आधी माहीत असेल, तर त्या अर्ध्या गुणाला किती धार आहे ते त्याला आपोआप उमगते.

त्यानंतर रोगाविषयी सांगावे. त्याचे नाव स्क्रेपी. मेंदूतील एका प्रथिनाची घडी चुकते आणि ती चूक एका रेणूकडून दुसऱ्या रेणूकडे पसरत जाते. अशा प्रथिनांना प्रायॉन म्हणतात, आणि गायींमधला ‘मॅड काऊ’ हा याच कुळातला रोग. मेंढीला खाज सुटते, ती खांबाला, भिंतीला अंग घासत राहते, पुढे चाल बिघडते आणि शेवटी मरते. लस नाही, औषध नाही. लागण झाल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत काही वर्षेही जाऊ शकतात, त्यामुळे कळपातील निरोगी दिसणारी मेंढीही संशयातून सुटत नाही. हे प्रायॉन मातीत, लाकडात, गोठ्याच्या भेगांत वर्षानुवर्षे टिकतात, म्हणून चित्रपटाच्या काळात तिथे एक जनावर सापडले तरी सगळा कळप मारावा लागत असे, गवत जाळावे लागत असे, गोठा निर्जंतुक करावा लागत असे आणि नव्या मेंढ्या आणायला दोन-तीन वर्षे थांबावे लागत असे. आइसलँडमध्ये हा रोग १८७८ साली बाहेरून आणलेल्या एका एडक्याबरोबर आला, असे तिथे मानले जाते. कोणीतरी नक्की विचारेल की माणसाला होतो का. तसा पुरावा नाही, एवढे उत्तर पुरे. ही माहिती असलेल्या प्रेक्षकाला पुढे पशुवैद्य दारात दिसताच पोटात गोळा येतो. नसलेल्याला ते केवळ सरकारी कामकाज वाटते.

याला जोडून स्थानिक संदर्भ द्यावा, पण अगदी थोडा. मारवाडातून उंट आणि मेंढ्यांचे कळप घेऊन माळव्यात उतरणारे रेबारी बायपासच्या पलीकडे अनेकांनी पाहिलेले असतात. रस्ता अडला म्हणून हॉर्न वाजवण्यापलीकडे त्यांच्याशी आपला संबंध आलेला नसतो, एवढे म्हणून थांबावे. मल्हारराव होळकर धनगर घराण्यातले होते, हे सभागृहातील कोणी ना कोणी सांगणारच. त्याला मान डोलवावी, पण प्रास्ताविक राजवाड्याकडे वळू देऊ नये. ते एकदा वळले की परत येत नाही.

भावांविषयी एवढेच सांगावे की ते बोलत नाहीत. भांडण कशावरून, हे सांगू नये, कारण चित्रपटही ते फार उशिरा आणि अर्धवटच सांगतो. शेवटाबद्दल तर अवाक्षरही काढू नये. दोन्ही भूमिका करणारे सिगुर्दुर सिगुर्योन्सन आणि थेओदोर युलिउसन हे तिथले मुरलेले नट असून सिगुर्योन्सन विनोदी भूमिकांसाठी प्रसिद्ध आहेत, हे मात्र सांगावे. त्यामुळे प्रेक्षकाला हसायची मोकळीक मिळते. बेशुद्ध भावाला ट्रॅक्टरच्या पुढच्या लोखंडी सुपात उचलून गुम्मी त्याला दवाखान्याच्या दारात नेऊन ठेवतो आणि एक शब्दही न बोलता परत फिरतो. हा प्रसंग हसवणाराच आहे, पण गंभीर चित्रपट म्हणून आलेले लोक तिथे हसू दाबून बसतात.

चित्रपट संपल्यावर दिवे लगेच लावू नयेत; अत्ली ओर्वार्सन यांचे संगीत श्रेयनामावलीबरोबर पूर्ण वाजू द्यावे. चर्चेची सुरुवात ‘कसा वाटला?’ या प्रश्नाने केली तर ‘छान होता, जरा संथ होता’ यापुढे गाडी सरकत नाही. त्याऐवजी पडद्यावर दिसलेली एखादी वस्तू समोर ठेवावी. किद्दीचा कुत्रा तोंडात चिठ्ठी धरून या घरातून त्या घरात जातो. चिठ्ठी लिहिण्याइतका संबंध उरला असताना बोलणे का उरले नाही, असे विचारावे. किंवा आपला कळप दुसऱ्याच्या हाती न देता गुम्मी स्वतःच संपवतो, त्याचा अर्थ दोन-तीन जणांकडून वदवून घ्यावा. उत्तरे हमखास वेगवेगळी येतात. जमीन कोणाच्या नावावर आहे, हा मुद्दा निघाला की खसरा (जमिनीची सरकारी नोंद), नामांतरण, वडिलांचे मृत्युपत्र असे विषय निघतील आणि एखादे ज्येष्ठ सदस्य स्वतःच्या घरातला दावा सांगू लागतील. त्यांना थोपवू नये. पाच मिनिटे ऐकावे, आणि मग त्यांनाच विचारावे की या दोघांपैकी त्यांना कोण पटला.

महिन्याभराने ऑस्ट्रेलियन आवृत्ती दाखवता आली तर उत्तम. तिथे बर्फाच्या जागी वणवा आहे, स्क्रेपीच्या जागी जोन्स नावाचा आतड्यांचा रोग आहे, माणसे जास्त बोलतात आणि हसणेही मोकळे आहे. त्या वेळी प्रास्ताविक ठेवू नये. एवढेच सांगावे की ज्यांनी पहिला चित्रपट पाहिला, त्यांनी पहिल्यात न बोलता झालेली कोणती गोष्ट इथे शब्दांत येते तेवढे टिपून ठेवावे, आणि पोह्यांच्या वेळी तेवढ्यावरच बोलावे.