स्वमग्नतेचे निदान अचूक व्हावे म्हणून घरच्यांनी करायची तयारी

स्वमग्नता (ऑटिझम) रक्ताच्या तपासणीत किंवा एमआरआयमध्ये दिसत नाही. मूल कसे वागते हे पाहून आणि ते आजवर कसे वाढले हे घरच्यांकडून ऐकून डॉक्टर निदान करतात. त्यामुळे तज्ज्ञ कितीही अनुभवी असला, तरी माहिती अर्धवट मिळाली तर निदान चुकू शकते.

सर्वांत आधी कानांची तपासणी करून घ्यावी, कारण हाकेला ओ न देणाऱ्या मुलाला कधी कधी नीट ऐकूच येत नसते. थाळी वाजवली की दचकते, म्हणजे कान ठीक आहेत, असे घरी ठरवू नये. मोठे आवाज कळूनही बोलण्यातले बारीक आवाज निसटू शकतात. ओएई आणि बेरा या यंत्राने होणाऱ्या कानांच्या चाचण्यांत मुलाला स्वतः काही सांगावे लागत नाही, म्हणून त्या तान्ह्या बाळाच्याही करता येतात.

त्यानंतर येते प्रश्नावली. एम-चॅट-आर ही १६ ते ३० महिन्यांच्या मुलांसाठी २० प्रश्नांची प्राथमिक चाळणी आहे, ते निदान नव्हे. ‘मूल बोटाने वस्तू दाखवते का?’ असे विचारले की आई सहज ‘हो’ म्हणते, आणि इथेच चूक शिरते. पोळ्याला सजवलेले बैल दारावरून गेले, तेव्हा त्याने बैलांकडे बोट केले आणि तुम्हीही पाहताय ना, हे बघायला तुमच्या तोंडाकडे पाहिले का, हे आठवून सांगावे. बिस्किटाच्या डब्यापर्यंत आईचा हात ओढत नेणे ही वेगळी गोष्ट आहे: तिथे मुलाला वस्तू हवी असते, तर बैल दाखवताना त्याला आपला आनंद तुमच्यासोबत वाटून घ्यायचा असतो. माझ्या मते साऱ्या मुलाखतीत हा फरक सर्वांत मोलाचा आहे. गुण ३ ते ७ आले, तर प्रत्येक शंकास्पद उत्तराची उदाहरणे विचारणारी दुसरी फेरी असते. ती घाईत वगळू देऊ नये.

बीड, धारूर, पाटोदा या भागांत आणखी एक अडचण असते. आईवडील उसतोडीला गेले की मूल सहा-सहा महिने आजीजवळ राहते, किंवा साखर कारखान्याच्या परिसरात कोपीवर, म्हणजे ऊसतोड कामगारांच्या झोपडीत वाढते. अशा मुलाची माहिती एकट्या आईकडे किंवा एकट्या आजीकडे पूर्ण नसते, म्हणून दोघींनीही तपासणीला यावे. ते जमत नसेल तर दुसरीला फोनवर तरी बोलते करावे. अंगणवाडीताई मुलाला इतर मुलांमध्ये पाहते, तेव्हा तिचेही म्हणणे लिहून न्यावे. घरी गोरमाटी (बंजारा बोली), उर्दू किंवा देगलूर-बिलोलीकडे तेलुगू बोलली जात असेल, तर ते आधीच सांगावे. मराठीत विचारलेले न कळल्याने गप्प बसलेल्या मुलाला स्वमग्न समजणे हा त्याच्यावर अन्याय आहे.

नव्या जागी मूल बिथरते. म्हणून जेवताना, इतर मुलांत खेळताना आणि मागून नावाने हाक मारल्यावर ते काय करते, याचे दोन-दोन मिनिटांचे व्हिडिओ न शिकवता, न सुचवता काढावेत. आधी येत असलेले शब्द नंतर बोलण्यातून नाहीसे झाले असतील, तर पहिल्या वाढदिवसाचा जुना व्हिडिओ जरूर दाखवावा.

केवळ बोलायला उशीर झाला म्हणजे स्वमग्नता नव्हे. २०१३ च्या डीएसएम-५ या अमेरिकी मनोविकार निदान-पुस्तिकेच्या निकषांनुसार माणसांशी संवाद साधण्यातील अडचण आणि तेच ते वागणे किंवा ठरावीक गोष्टींचाच आग्रह, अशी दोन्ही प्रकारची लक्षणे लहानपणापासून असावी लागतात. दिव्यांग प्रमाणपत्रासाठी वापरली जाणारी ४० बाबींची ‘इसा’ ही भारतीय मोजणी स्वमग्नतेची तीव्रता सांगते. सविस्तर तपासणीची जागा ती घेत नाही. मुली इतरांचे पाहून वागायला शिकतात आणि त्यामुळे नजरेतून सुटतात, म्हणून ‘लाजाळू आहे’ एवढ्यावर थांबू नये.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येते. शंका असल्यास त्यांच्याकडून जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रासाठी चिठ्ठी घ्यावी. निदान अनिश्चित राहिले, तर पुन्हा कधी दाखवायचे ते लिहून घ्यावे आणि तोवर वाचा-उपचार सुरू करावेत, कारण त्यासाठी निदानाच्या कागदाची वाट पाहावी लागत नाही.