आपले पितळ उघडे पडेल, ही धास्ती वाटत असेल तर

कोल्हापूरजवळच्या शिरोली, गोकुळ शिरगाव किंवा कागलच्या औद्योगिक वसाहतीत नोकरी करणाऱ्या एखाद्या अभियंत्याला बढतीचे पत्र मिळते आणि आनंदाऐवजी त्याच्या मनात पहिला विचार येतो तो असा, की ही निवड चुकून झाली असून आज ना उद्या सर्वांना ते कळणारच आहे. पॉलिन क्लान्स आणि सुझान आइम्स या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९७८ साली या अनुभवाचे वर्णन प्रथम प्रसिद्ध केले. त्यांनी अभ्यासलेल्या दीडशेहून अधिक स्त्रिया शिक्षणात आणि व्यवसायात यशस्वी होत्या, तरीही आपण इतरांना फसवत आहोत अशी त्यांच्यापैकी अनेकींची भावना होती; पुढे पुरुषांमध्येही ती आढळली. हा आजार मानला जात नाही, मात्र त्याने माणूस आतून पोखरला जातो.

ही धास्ती यशानंतरही टिकते, याचे कारण समजून घेणे आवश्यक आहे. अशी व्यक्ती काम हाती आल्यावर एकतर गरजेपेक्षा कितीतरी अधिक तयारी करते किंवा भीतीपोटी ते लांबणीवर टाकून शेवटच्या क्षणी कसेबसे पूर्ण करते. पहिल्या प्रकारात ‘रात्रंदिवस राबलो म्हणून जमले’ आणि दुसऱ्या प्रकारात ‘नशिबाने वाचलो’ असा अर्थ लावला जात असल्याने यशाचे श्रेय स्वतःच्या क्षमतेकडे कधी येतच नाही. म्हणूनच ‘तू हुशार आहेस, घाबरू नको’ हा आपल्याकडे सर्रास दिला जाणारा दिलासा टिकत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. येथे कौतुकापेक्षा पुरावा अधिक उपयोगी पडतो.

त्यासाठी एक साधी वही ठेवावी. दर आठवड्याच्या अखेरीस अडचण कोणती होती, आपण कोणता निर्णय घेतला, तो कोणत्या माहितीवर घेतला आणि त्यातून काय निष्पन्न झाले, हे तारखेसह लिहावे. ‘काम चांगले झाले’ असे मोघम वाक्य निरुपयोगी असते. ‘ड्रॉइंगमधील मापाची विसंगती मशिनिंग सुरू होण्यापूर्वी दाखवून दिली, त्यामुळे माल परत आला नाही’ अशी नोंद हवी. नशिबाची साथ मिळाली असे वाटत असेल, तर नेमक्या कोणत्या टप्प्यावर मिळाली तेही लिहावे. चुकाही लिहाव्यात, कारण केवळ स्तुतीने भरलेल्या वहीवर आपलाच विश्वास बसत नाही. पुढच्या बढतीच्या किंवा पगारवाढीच्या चर्चेपूर्वी ती वाचावी.

दुसरी गोष्ट म्हणजे ‘मला हे येत नाही’ आणि ‘मी या जागेला लायक नाही’ ही दोन विधाने कटाक्षाने वेगळी ठेवावीत. कास्टिंगमध्ये, म्हणजे साच्यात ओतलेल्या धातूच्या भागात, वायू अडकून पोकळी (ब्लो होल) राहिली, तर फौंड्रीतला म्हणजे ओतशाळेतला जाणता माणूस वाळूतला ओलावा आणि साच्यातून वायू बाहेर पडण्याची वाट तपासतो. फौंड्रीच बंद करा असे म्हणत नाही. आपल्यालाही काय येत नाही त्याची यादी करून त्यातील प्रत्येक गोष्ट कोणाकडून शिकता येईल, हे ठरवता येते. साहेबांना विचारतानाही ‘माझे काम कसे वाटते?’ असे न विचारता ‘साहेब, मागच्या अहवालात कोणती बाजू कमी पडली?’ असे विचारावे. नेमक्या प्रश्नालाच नेमके उत्तर मिळते. कोणी कौतुक केले, तर ‘त्यात काय विशेष’ असे म्हणून ते परतवू नये. ‘धन्यवाद’ एवढे पुरे.

येथे एक गोष्ट आवर्जून सांगितली पाहिजे. ही भावना प्रत्येक वेळी मनातूनच उगवते असे नाही. चंदगड किंवा राधानगरीच्या खेड्यातून आलेल्या, घरातील पहिल्याच पदवीधर मुलीच्या इंग्रजीवर बैठकीत कोणी हसत असेल, किंवा ‘राखीव जागेवर आलास’ असे कोणाला सुनावले जात असेल, तर त्या व्यक्तीला आत्मविश्वास वाढवण्याचा सल्ला देणे अन्यायाचे आहे. ज्या करवीर संस्थानात शाहू महाराजांनी २६ जुलै १९०२ रोजी मागासवर्गीयांसाठी रिक्त होणाऱ्या नोकऱ्यांतील ५० टक्के जागा राखून ठेवल्या, त्या कोल्हापुरात तरी संधी मिळणे म्हणजे लायकी नसणे, असे कोणी समजू नये. अशा प्रसंगांची तारीख, स्थळ आणि शब्द लिहून ठेवावेत, विश्वासू सहकाऱ्याला सांगावेत आणि ते वारंवार घडत असल्यास मनुष्यबळ विभागाकडे लेखी द्यावेत.

धास्तीमुळे झोप उडाली असेल, कामावर जाणेच नकोसे झाले असेल किंवा जगण्यातला रस संपल्यासारखा वाटत असेल, तर वहीवर विसंबून राहू नये. टेली-मानस या शासकीय सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र विनामूल्य आणि मराठीतूनही बोलता येते. घरच्यांपासून हे लपवू नये आणि मानसोपचारतज्ज्ञांना भेटण्यासाठी रजा घ्यावी लागली, तर ती निःसंकोच घ्यावी.