पिस्टन विमानाचं ऑइल कसं निवडावं, कसं वापरावं

नवे विमानमालक भेटले की हमखास विचारतात, "कुठलं ऑइल टाकू?" मी आधी त्यांनाच तीन गोष्टी विचारतो. इंजिन कुठलं आहे? ओव्हरहॉल होऊन किती तास झालेत? आणि दोन उड्डाणांच्या मध्ये विमान किती दिवस उभं असतं? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं लगेच मिळतात, तिसऱ्यापाशी माणूस थबकतो. माझ्या लेखी तिसरा प्रश्न सगळ्यात मोठा आहे. मी उघडलेल्या इंजिनांत उडून उडून झिजलेल्या कॅमपेक्षा (व्हॉल्व्ह उघडणारे उंचवटे) उभ्या उभ्या गंजलेले कॅम जास्त निघाले आहेत.

मोटारीचं ऑइल विमानात का चालत नाही, ते आधी समजून घ्या. त्यात कॅल्शियम, मॅग्नेशियमसारख्या धातूंचे डिटर्जंट असतात. हवेवर थंड होणाऱ्या विमानाच्या इंजिनात पिस्टन आणि सिलिंडर यांच्यातली फट मोठी ठेवलेली असते, त्यामुळे थोडं ऑइल कायम जळत राहतं. धातू असलेलं ऑइल जळलं की राख उरते. ती पिस्टनच्या माथ्यावर आणि स्पार्क प्लगवर साचते, तापून लाल होते आणि ठिणगी पडायच्या आधीच मिश्रण पेटवते. या प्री-इग्निशनने पिस्टनला भोक पडायला फार वेळ लागत नाही. म्हणून विमानासाठी अ‍ॅशलेस डिस्पर्संट, म्हणजे एडी ऑइल वापरतात. ते घाण तरंगत ठेवतं, पण जळल्यावर राख ठेवत नाही. डब्यावर एसएई जे-१८९९ हे मानक लिहिलेलं असलं तर ते एडी ऑइल. जे-१९६६ असलं तर साधं मिनरल ऑइल. ब्रँडच्या नावाआधी हा आकडा शोधा.

याला मोठा अपवाद हलक्या विमानांतल्या रोटॅक्स ९१२ या इंजिनाचा आणि त्याच्या भावंडांचा. त्या इंजिनात गिअरबॉक्सही त्याच ऑइलवर चालतो, म्हणून त्याला गिअरसाठीची द्रव्यं असलेलं वेगळं ऑइल लागतं. एरोशेल स्पोर्ट प्लस ४ हे त्यासाठीच बनवलेलं आहे. लायकमिंग या दुसऱ्या कंपनीच्या इंजिनाचं ऑइल रोटॅक्समध्ये ओतू नका आणि रोटॅक्सचं लायकमिंगमध्ये तर मुळीच नको. एकाच हँगरमध्ये दोन्ही विमानं असली तर डबे वेगवेगळ्या कपाटांत ठेवा.

आता ग्रेड, म्हणजे ऑइलचा घट्टपणा. विमानाच्या ऑइलवरचा ८०, १०० किंवा १२० हा आकडा निम्मा केला की एसएई ग्रेड मिळते: ८० म्हणजे एसएई ४०, १०० म्हणजे ५०, १२० म्हणजे ६०. डब्ल्यू-१०० मधल्या 'डब्ल्यू'चा थंडीशी काही संबंध नाही, ते एडी ऑइल असल्याची ती खूण आहे. मोटारीच्या सवयीने 'डब्ल्यू आहे म्हणजे थंडीत चालेल' असं समजू नका. कुठल्या हवेत कुठली ग्रेड, याचा तक्ता लायकमिंगच्या सर्व्हिस इन्स्ट्रक्शन १०१४ मध्ये आहे. एडी ऑइलसाठी ढोबळ हिशेब असा: बाहेर १६ अंश सेल्सियसच्या वर एसएई ४० किंवा ५०, साधारण उणे १ ते अधिक ३२ अंशांत एसएई ४०. १५डब्ल्यू-५० आणि २०डब्ल्यू-५० ही मल्टिग्रेड ऑइलं, म्हणजे थंडीत पातळ आणि उष्णतेत पुरेशी घट्ट राहणारी, सगळ्या तापमानांना चालतात (यांतला 'डब्ल्यू' मात्र थंडीचाच). कॉन्टिनेंटल या इंजिन कंपनीचा तक्ता वेगळा आहे. तुमच्या इंजिनाचं मॅन्युअल उघडून बघा, शेजारच्या विमानात काय ओततात त्यावर जाऊ नका.

सिंगल ग्रेड की मल्टिग्रेड, यावर हँगरमध्ये तासन्‌तास वाद चालतात. माझं मत सांगतो. हवा थंड असेल, किंवा एकाच दिवसात थंड आणि गरम अशा दोन्ही ठिकाणी उतरायचं असेल, तर मल्टिग्रेड घ्या. सुरू करताना ते लवकर वर पोहोचतं आणि ते पहिले काही सेकंदच इंजिनाला सगळ्यात जड जातात. हवा कायम उष्ण आणि विमान रोज उडणारं असेल, तर साधं डब्ल्यू-१०० उत्तम काम करतं. विमान वारंवार उभं राहत असेल, तर गंज आणि झीज रोखणारी द्रव्यं असलेलं ऑइल घ्या, मग ते डब्ल्यू-१०० प्लस असो किंवा एरोशेल १५डब्ल्यू-५०. मात्र पूर्ण सिंथेटिकच्या मागे लागू नका. विमानाच्या १००एलएल पेट्रोलमध्ये शिसं असतं, त्याचे अवशेष ऑइलमध्ये उतरतात आणि पूर्ण सिंथेटिक ऑइलला ते नीट सामावून घेता येत नाहीत. असं एक ऑइल पूर्वी बाजारात आलं होतं. त्याने इंजिनांत शिशाचा चिकट गाळ धरला आणि ते मागे घ्यावं लागलं. आजची सेमी-सिंथेटिक ऑइलं मिनरलचा मोठा भाग ठेवतात, ते यासाठीच.

लायकमिंग ओ-३२०-एच किंवा ओ-३६०-ई मालिकेचं इंजिन असेल, तर एलडब्ल्यू-१६७०२ हे झीज रोखणारं अ‍ॅडिटिव्ह सक्तीचं आहे. डब्ल्यू-१०० प्लससारख्या प्लस मालिकेत आणि एरोशेल १५डब्ल्यू-५० मध्ये ते मिसळलेलंच असतं, वरून पुन्हा टाकायचं नाही. ज्या इंजिनात क्लच आणि ट्रान्समिशन त्याच ऑइलवर चालतात, तिथे ते अजिबात चालत नाही.

नवं किंवा ओव्हरहॉल केलेलं, टर्बो नसलेलं इंजिन असेल, तर पहिले ५० तास किंवा ऑइलचा खप स्थिर होईपर्यंत साधं मिनरल ऑइल वापरायचं. वरून भर घालतानाही तेच. पिस्टनवरची रिंग आणि सिलिंडरची भिंत एकमेकींवर घासून बसायला हव्यात, त्यासाठी थोडं घर्षण लागतंच. लायकमिंगच्या टर्बो इंजिनांना मात्र पहिल्या दिवसापासून एडी ऑइल. या काळात इंजिनाला जपून हळू चालवणं ही माया नव्हे. कमी पॉवरवर रिंगा भिंतीवर दाबून बसत नाहीत, भिंतीवर भाजलेल्या ऑइलचा गुळगुळीत थर चढतो आणि मग ते इंजिन जन्मभर ऑइल पीत राहतं. क्रूझमध्ये, म्हणजे सरळ स्थिर उड्डाणात, ६५ ते ७५ टक्के पॉवर ठेवा, जमिनीवरचा वेळ कमी करा आणि सिलिंडरच्या तापमानावर नजर ठेवा.

रोजच्या वापरात डिपस्टिक हे तुमचं पहिलं उपकरण. इंजिन बंद केल्यावर ऑइल खाली उतरायला वेळ द्या, मग मोजा. लायकमिंग ओ-३२० च्या संपमध्ये, म्हणजे इंजिनाखालच्या ऑइलच्या टाकीत, ८ क्वार्ट (एक क्वार्ट लिटरहून थोडा कमी) मावतात, पण बऱ्याच विमानांत वरचा क्वार्ट-दीड क्वार्ट ब्रीदर या हवा बाहेर सोडणाऱ्या नळीतून विमानाच्या पोटाखाली उडून जातो. तुमचं इंजिन कुठल्या पातळीवर शांत राहतं ते ओळखा आणि लांबच्या उड्डाणाचा खप धरून भरा. किती घातलं ते प्रत्येक वेळी तासांसकट लिहा. १६० हॉर्सपॉवरच्या इंजिनाला लायकमिंगच्या सूत्राने कमाल मर्यादा तासाला सुमारे अर्धा क्वार्ट येते. निरोगी इंजिन त्याच्या कितीतरी आत असतं. मर्यादेपेक्षा मी बदलाकडे जास्त बघतो. दहा तासांना एक क्वार्ट पिणारं इंजिन अचानक पाच तासांना एक मागू लागलं, तर मर्यादेच्या आत असूनही ते तपासायला हवं.

सुरू केल्यावर ३० सेकंदांत ऑइलचं प्रेशर चढलं नाही, तर इंजिन बंद करा. पारा उणे ७ अंशांच्या खाली असेल, तर आधी इंजिन गरम करा, मल्टिग्रेड असलं तरी.

बदलण्याचं वेळापत्रक सोपं आहे: फुल-फ्लो फिल्टर असेल तर ५० तास, नुसती जाळी असेल तर २५ तास, किंवा ४ महिने, जे आधी येईल ते. लोक तास मोजतात आणि महिने विसरतात. ज्वलनातलं पाणी आणि आम्लं ऑइलमध्ये साठत जातात. विमान उभं असलं तरी ती आतल्या धातूवर काम करतच असतात. ऑइल इंजिन गरम असतानाच काढा. प्रयोगशाळेतल्या तपासणीसाठी नमुना धारेच्या मधूनच घ्या, सुरुवातीचा किंवा शेवटचा नको. एका अहवालावरून घाबरू नका, तीन-चार अहवालांतला लोखंडाचा आणि तांब्याचा कल बघा.

फिल्टर कटरनेच कापा. करवतीने कापलात तर करवतीचाच कीस आत सापडेल. कागद उलगडून भरपूर उजेडात बघा, चुंबक फिरवा. काळे कार्बनचे कण नेहमीचे. चमकणारे तुकडे दिसले तर मॅन्युअलमधल्या मर्यादा काढा आणि विमान तिथेच थांबवा. नव्या फिल्टरच्या गॅस्केटला डीसी-४ हे सिलिकोन वंगण लावा, डब्यावर छापलेल्या टॉर्कला आवळा, सेफ्टी वायर घाला, इंजिन चालवून गळती बघा, आणि मगच काउलिंग, म्हणजे इंजिनावरचं आवरण, बंद करा.

आणि उभं राहणारं विमान. लायकमिंगचा कॅमशाफ्ट क्रँकशाफ्टच्या वर बसतो, त्यामुळे ऑइल निथळलं की सगळ्यात आधी तोच उघडा पडतो. पंधरा दिवसांनी येऊन दहा मिनिटं जमिनीवर इंजिन चालवणं हा उपाय नाही. ऑइल पाणी उडून जाण्याइतकं तापत नाही आणि ज्वलनातली नवी वाफ मात्र आत जाते. प्रोपेलर हाताने फिरवू नका, उरलासुरला थरही पुसला जातो. ३० दिवसांच्या आत किमान एक तास सलग उडा, ऑइलचं तापमान ७४ ते ९३ अंशांत ठेवून. ते जमणार नसेल, तर प्रिझर्व्हेटिव्ह ऑइल भरा, सिलिंडरमध्ये फवारा, प्लगच्या जागी ओलावा शोषणारे डिहायड्रेटर प्लग लावा आणि प्रोपेलरवर 'फिरवू नये' अशी पाटी बांधा.