केव्ह डायव्हिंगसाठी प्रायमरी लाइट घेताय? या चुका टाळा

पाण्याने भरलेल्या गुहेच्या तोंडाचा निळसर उजेड मागे पडला की पुढे जे दिसतं ते फक्त हातातल्या मुख्य दिव्यामुळे, म्हणजे प्रायमरी लाइटमुळे. त्यामुळे दिवा घेताना बहुतेकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: उजेड किती पडतो? मी आधी वेगळा प्रश्न विचारेन. या दिव्याने जोडीदाराशी बोलता येईल का? पाण्याखाली आवाजाचा उपयोग नाही आणि अंधारात हाताच्या खुणा दिसत नाहीत. उरतो तो भिंतीवर पडणारा प्रकाशाचा ठिपका. भिंतीवर सावकाश गोल फिरला तर ‘सगळं ठीक’, झपाझप आडवा हलला तर ‘अडचण आहे, ताबडतोब इकडे बघ’. पुढे पोहणारा डायव्हर सारखा मान वळवत नाही. मागच्याचा ठिपका आपल्या शेजारी भिंतीवर सरकताना दिसतोय, एवढ्यावर तो निश्चिंत असतो आणि ठिपका दिसेनासा झाला की थांबून मागे वळतो. निवडीतल्या बहुतेक चुका होतात त्या दिव्याचं हे काम विसरल्यामुळे.

ल्युमेनचा आकडा बघून दिवा घेणं

ल्युमेन म्हणजे दिव्यातून बाहेर पडणारा एकूण प्रकाश. तो किती कोनात पसरतो, हे त्या आकड्यातून कळत नाही. समजा, १००० ल्युमेन ९० अंशांत पसरवले आणि तेवढेच ८ अंशांत गोळा केले, तर नुसत्या भूमितीच्या हिशेबाने दुसऱ्या झोताची तीव्रता शंभरपटीहून जास्त भरते. प्रत्यक्षात थोडा प्रकाश कडेला सांडतो, पण फरक प्रचंडच राहतो. म्हणून खोक्यावरचा मोठा आकडा बघून घेतलेला रुंद झोताचा व्हिडिओ लाइट गुहेत पांगळा पडतो. सगळीकडे सारखाच उजेड असल्यामुळे इशारा उठून दिसत नाही, आणि पाण्यात जरा गाळ असला की समोर पांढरं धुकं उभं राहतं. साधारण ६ ते १० अंशांचा, कडा स्पष्ट असलेला झोत बघा. झोत कमी-जास्त करता येणारे दिवेही मिळतात, पण प्रायमरी म्हणून वापरताना तो अरुंदच ठेवा. चित्रीकरण करायचं असेल तर त्यासाठी वेगळा दिवा न्या.

उलट बाजूनेही चूक होते. टीममध्ये एकाचाच दिवा बाकीच्यांपेक्षा फार प्रखर असेल, तर त्याच्या झोतात दुसऱ्याचा ठिपका बुडून जातो. नवशिक्या जोडीदार इशारा देत राहतो आणि पुढच्याला त्याचा पत्ताच नसतो. म्हणून खरेदीआधी ज्यांच्याबरोबर डाइव्ह करणार आहात त्यांचे दिवे बघून घ्या. गुहेचा रंगही लक्षात घ्या. मेक्सिकोतल्या युकाटानच्या पांढऱ्या चुनखडीत मध्यम दिवाही भरपूर वाटतो, काळपट भिंती मात्र प्रकाश गिळतात. शक्ती कमी-जास्त करायची सोय असली तर दोन्हीकडे निभावतं.

बॅटरीच्या वेळेवर डोळे मिटून विश्वास ठेवणं

कंपनीने लिहिलेली वेळ नव्या बॅटरीची असते, आणि पुष्कळदा प्रकाश बराच मंदावल्यानंतरची मिनिटंही त्यात धरलेली असतात. ठरवलेल्या डाइव्हच्या किमान दीडपट वेळ दिवा चालायला हवा. म्हणजे ९० मिनिटांच्या डाइव्हला १३५ मिनिटं, आणि तीही ज्या शक्तीवर वापरणार आहात त्याच शक्तीवर. डीकॉम्प्रेशनचा, म्हणजे वर येताना शरीरात विरघळलेला वायू बाहेर पडावा म्हणून थांबण्याचा, वेळ या हिशेबात हमखास विसरला जातो.

हे घरीच तपासता येतं. बॅटरी पूर्ण चार्ज करा, लाइट हेड (दिव्याचा उजेड देणारा भाग) पाण्याने भरलेल्या बादलीत बुडवा, दिवा लावून घड्याळ लावा. बादली यासाठी की यातले बरेच एलईडी हेड पाण्यानेच थंड राहतात. हवेत पूर्ण शक्तीवर चालवले तर ते तापतात, आणि काहींचं सर्किट प्रकाश आपोआप कमी करतं, मग मोजमापच चुकतं. दिवा शेवटी कसा विझतो तेही बघा. काही हळूहळू मंदावतात, तर काही शेवटपर्यंत सारखा उजेड देऊन एकदम बंद पडतात. आपला दिवा कोणत्या जातीचा आहे हे बादलीतच कळलेलं बरं. वेळ तारखेसह वहीत लिहा आणि दर हंगामात चाचणी पुन्हा करा. बॅटरी म्हातारी होत चालल्याचं त्या आकड्यांतच दिसतं. थंड पाण्यात वेळ आणखी घटतो, तोही हिशेबात धरा.

विमानाने जाणार असाल तर खरेदीआधीच व्होल्ट आणि अँपिअर-अवरचा गुणाकार करा. १०.८ व्होल्ट आणि १० अँपिअर-अवर म्हणजे १०८ वॉट-अवर. लिथियम बॅटरीला १०० वॉट-अवरपर्यंत सहसा अडचण येत नाही, १०० ते १६० साठी विमान कंपनीची परवानगी लागते. सुट्या बॅटऱ्या नेहमी केबिनमधल्या बॅगेतच.

हातात न धरताच विकत घेणं

हाताच्या पंजावर बसणारं गुडमन हँडल असेल तर दिवा धरूनही बोटं मोकळी राहतात, वाट दाखवणाऱ्या दोरीची रील सांभाळता येते. पण ते तुमच्याच ग्लोव्हजवर घालून बघा. उघड्या हाताला चपखल बसणारं हँडल जाड ग्लोव्हजवर चढतच नाही. स्विचही ग्लोव्हज घालूनच चालवून बघा.

कमरेला बॅटरीचा कॅनिस्टर आणि तिथून केबलने जोडलेलं हेड, की सगळं एकत्र असलेला बिनकेबलचा दिवा? लांब डाइव्हना मला कॅनिस्टर पटतो, कारण मोठी बॅटरी कमरेवर जाते आणि हात हलका राहतो. साइडमाउंटमध्ये, म्हणजे टाक्या पाठीऐवजी कुशीला लावल्यावर, केबलची अडचण होते, तिथे बिनकेबलचा दिवा सोयीचा. केबल असेल तर एक गोष्ट डोळ्यात तेल घालून पाहा: ती लांब होजवरून, म्हणजे जोडीदाराला श्वासाचा गॅस द्यायच्या नळीवरून, आडवी जाता कामा नये. जोडीदाराला गॅस द्यायच्या क्षणी होज केबलखाली अडकली तर ती सोडवायला सवड नसते. हे काठावर, पूर्ण सरंजाम अंगावर चढवून, होज प्रत्यक्ष देऊन तपासा.

चांगला प्रायमरी आहे म्हणून बॅकअपकडे दुर्लक्ष

अमेरिकी केव्ह डायव्हर शेक एक्सली यांनी १९७० च्या दशकात गुहांमधल्या जीवघेण्या अपघातांचं जे विश्लेषण केलं, त्या परंपरेतून आलेले पाच नियम आजही शिकवले जातात: प्रशिक्षण, बाहेरपर्यंत सलग गाइडलाइन (वाट दाखवणारी दोरी), गॅसचा एक तृतीयांश हिशेब (एक भाग जायला, एक परतायला, एक राखीव), खोलीची मर्यादा आणि प्रत्येकाकडे तीन दिवे. प्रायमरी कितीही भरवशाचा असो, दोन बॅकअप हवेतच. तीन दिव्यांपैकी एकही बंद पडला की डाइव्ह संपली, टीमने परत फिरायचं. प्रायमरी मंदावला तर आधी बॅकअप लावा, मग प्रायमरी आवरा.

दिवा लुकलुकतोय, पाणी शिरतंय

पाणी शिरण्याचं नेहमीचं कारण म्हणजे ओ-रिंगवर (जोड पाणबंद करणाऱ्या रबरी कड्यावर) बसलेला एखादा केस किंवा वाळूचा कण. ओ-रिंग काढून बोटांत फिरवा, चीर हाताला लागते. खाचही पुसा आणि कंपनीने सांगितलेलं ग्रीस नुसतं चकाकेल इतकंच लावा. थापलं तर त्यातच कचरा चिकटतो. पाणी शिरलेली लिथियम बॅटरी पुन्हा चार्ज करू नका. कॅनिस्टरच्या आत दाब साठलेला असू शकतो, म्हणून तो मोकळ्या हवेत, झाकण चेहऱ्यापासून दूर धरून, सावकाश उघडा.

दिवा लुकलुकत असेल तर तो चालू ठेवून केबल दोन्ही टोकांशी, जिथे ती हेडमध्ये आणि कॅनिस्टरमध्ये शिरते तिथे, हलकेच वाकवा. वाकवताना प्रकाश थरथरला तर आतली तार तुटत आली आहे. केबल वाकवून काही फरक पडला नाही आणि तरीही लुकलुक चालू असेल, तर बॅटरीचे संपर्क आणि कनेक्टर साफ करून पुन्हा बघा. कारण सापडलं नाही तर तो दिवा दुरुस्त होऊन बादलीतली चाचणी पास होईपर्यंत गुहेत नेऊ नका.