शाळेचं काम घेताय? कायदेशीर जबाबदारीच्या या चुका टाळा

जिल्हा परिषदेच्या किंवा नगरपालिकेच्या शाळेची वर्क ऑर्डर हातात पडली की नवे ठेकेदार आधी सिमेंटचा भाव काढतात. विम्याचा कागद आठवतो तो अपघात झाल्यावर. शाळेत मुलं असतात, त्यामुळे इथली जबाबदारी इतर कामांपेक्षा जड आहे.

"पॉलिसी काढली आहे ना!"

ओळखीतल्या एका ठेकेदाराकडे शाळेचे पत्रे बदलायचं काम होतं. काढलेले जुने पत्रे व्हरांड्याच्या खांबाला टेकवून ठेवलेले. मधल्या सुट्टीत खेळताना एका मुलाचा धक्का लागला, पत्रा घसरला आणि त्याच्या दंडाला खोल जखम झाली. ठेकेदार निर्धास्त होता, कारण 'कॉन्ट्रॅक्टर्स ऑल रिस्क' पॉलिसी होती. मी कागद उघडून बघितला, तर त्यात फक्त पहिला भाग, म्हणजे बांधकामाचं नुकसान. त्रयस्थ व्यक्तीला इजा झाल्यास भरपाई देणारा दुसरा भाग हप्ता वाचवायला गाळलेला. दवाखान्याचा सगळा खर्च त्याच्या खिशातून गेला. असली काटकसर बघून जीव तुटतो.

मी कोटेशन आलं की आधी त्रयस्थ दायित्वाचं पान काढतो. त्यावर शाळेचा पूर्ण पत्ता आहे का ते बघतो. कामाला मुदतवाढ मिळाली की त्याच दिवशी पॉलिसीही वाढवून घेतो. आपले मजूर पॉलिसीच्या या दुसऱ्या भागात धरले जात नाहीत. त्यांच्यासाठी कामगार भरपाईची पॉलिसी वेगळी काढावी लागते.

"सर म्हणाले, चालेल"

शाळा भरलेली असताना वेल्डिंग करायला मुख्याध्यापकांनी तोंडी हो म्हटलं, एवढ्यावर काम रेटू नका. मुख्याध्यापकांची बदली होते, आणि चौकशीत तोंडी परवानगी कुणालाच आठवत नाही. मी पत्र देतो आणि पोच म्हणून आवक शिक्का घेतो. शिक्का नाही तर काम नाही. घाईच्या लोकांना यात दिवस वाया गेल्यासारखा वाटतो, वाटू द्या.

आणि हे कागद दोष दायित्व कालावधी (काम झाल्यावर निघालेले दोष दुरुस्त करून देण्याची मुदत) संपला म्हणून रद्दीत घालू नका. मुदत कायदा, १९६३ च्या कलम ६ नुसार अज्ञान, म्हणजे १८ वर्षांखालच्या, मुलाच्या दाव्याची मुदत तो सज्ञान झाल्यावरच मोजायला लागते. पहिलीतल्या मुलाच्या अपघाताची नोटीस १२ वर्षांनीही येऊ शकते.

बाकीच्या, थोडक्यात

करारातलं नुकसानभरपाईचं कलम न वाचता सही करणं: त्यातून शाळेवरचा दावाही तुमच्या गळ्यात पडू शकतो.

पोटठेकेदाराला विम्याशिवाय आत घेणं: नकोच.

मजुरांची पोलीस पडताळणी टाळणं. मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर पोक्सो कायदा, २०१२ च्या कलम १९ प्रमाणे पोलिसांना कळवणं तुमच्यावरही बंधनकारक आहे.

विमा आहे म्हणून बॅरिकेड न लावणं. हयगयीने मृत्यू झाल्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ खाली ५ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, आणि ती कुठलीच पॉलिसी भरून देत नाही. मधल्या सुट्टीत बॅरिकेडपाशी एक माणूस उभा ठेवा, त्याची मजुरी अंदाजपत्रकातच धरा.